लसणाची शेव, काकूची वही आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग

आमच्या काकूचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. बडोद्यात, दांडिया बाजारात, घरातूनच. गरबा संपला की ऑर्डरी यायला लागतात आणि वसुबारसेपर्यंत घरात तळणीचा वास आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचे मनोरे यांखेरीज काही दिसत नाही. गिऱ्हाइकं अर्धी मराठी, अर्धी गुजराती. हिशेब एका लांबट वहीत. एका गिऱ्हाइकाला एक पान. पानावर नाव, पत्ता, काय काय हवं, आगाऊ किती आले, आणि कोपऱ्यात लाल पेनाने 'लसूण नको', 'साखर बेताची', 'शनिवारी न्यायला येणार'.

काही वर्षांपूर्वी मी नुकतीच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले होते. नवी सायकल आलेल्या पोराला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही सायकलच लागते, तशी माझी गत. म्हटलं, "काकू, तुझी वही मी कॉम्प्युटरवर घालून देते."

"दे की. पण वही मी टाकणार नाही हं," काकू म्हणाली.

मी याद्या केल्या. एका यादीत नावं, दुसरीत पत्ते, तिसरीत जिन्नस. दोन दिवसांनी काकूने लाल पेनाची आठवण केली, म्हणून चौथी यादी जोडली, सूचनांची. पहिल्या यादीतलं सातवं नाव, दुसरीतला सातवा पत्ता, तिसरीतला सातवा जिन्नस आणि चौथीतली सातवी सूचना हे सगळं एकाच माणसाचं. पण हे फक्त मला माहीत होतं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्या चार वेगवेगळ्या याद्या होत्या, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी काकू म्हणाली, "नावं जरा अकारविल्हे लावून दे, सापडायला बरं." मी लावली. नावांबरोबर पत्ते आणि जिन्नसही हलवायला हवेत एवढी अक्कल मला होती, तेही केलं. मागाहून जोडलेली सूचनांची यादी मात्र विसरले. ती होती तशीच राहिली आणि सगळ्या सूचना भलत्याच माणसांच्या नावावर गेल्या. वाघोडिया रोडच्या एका जैन घरात लसणाची शेव पोचली. कारेलीबागेतल्या एका आजोबांना लसणाशिवाय शेव ही शेवच वाटत नाही, त्यांना बिनलसणाची गेली. काकू स्वतः रिक्षा करून वाघोडिया रोडला गेली, हात जोडले, नवा डबा दिला. घरी आल्यावर मला एक शब्द बोलली नाही. वही उघडून बसली.

ते न बोलणं मला अजून लागतं. पण खरी गोष्ट अशी की त्या वहीत ही चूक होऊच शकली नसती. पानं सुटी करून पत्त्यांसारखी पिसली तरी 'लसूण नको' ज्याचं त्याच्याच पानावर राहिलं असतं. ज्या गोष्टी एकत्र राहायला हव्यात त्या काकूने एकत्र ठेवल्या होत्या. मी शिकल्यासवरल्या हाताने त्या फाडून चार ढिगांत वाटल्या होत्या.

वहीतलं ते एक पान म्हणजे ऑब्जेक्ट.

आता मी कॉलेजच्या मुलांच्या शिकवण्या घेते. तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून मुलं एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम ही ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधल्या कल्पनांची चार नावं भीमरूपी म्हटल्यासारखी एका दमात म्हणतात. "बरं, मग आता फराळाची एक ऑर्डर लिहून दाखव," म्हटलं की पेन थांबतं. म्हणून ती चार नावं मी पहिले दोन आठवडे काढतच नाही. आधी वही दाखवते.

समजा काकूने छापखान्यातून पावतीपुस्तकासारखी कोरी पानं छापून आणली: इथे नाव, इथे पत्ता, इथे जिन्नस, इथे जमा, इथे सूचना. त्या छापील नमुन्याला म्हणायचं क्लास. नमुन्यावर कुणाचंच नाव नसतं. त्यावरून एक पान घेऊन भरलं की तो झाला ऑब्जेक्ट. नमुना एक, पानं दोनशे. पाठ्यपुस्तकात क्लासला 'वर्ग' म्हणतात, पण वर्ग म्हटलं की मला बाकं आणि फळाच दिसतो, त्यामुळे मी आपली 'क्लास' म्हणते. त्यानेही बाकंच दिसतात म्हणा.

बहुतेक ठिकाणी इथे साच्याची उपमा देतात: करंजीचा साचा म्हणजे क्लास, करंजी म्हणजे ऑब्जेक्ट. उपमा वाईट नाही, पण अर्धीच आहे. साच्यातून निघालेली करंजी ताटात नुसती पडून असते. ऑब्जेक्ट नुसता पडून राहत नाही, त्याला स्वतःचं काम येतं. असं समजा की काकूच्या वहीतल्या पानाला विचारलं, "तुझे किती यायचे राहिलेत?" आणि पानानेच बेरीज-वजाबाकी करून सांगितलं, "सहाशे दहा." माहिती आणि त्या माहितीवर करायचं काम, दोन्ही एकाच पानावर. माहितीला ॲट्रिब्यूट म्हणतात, कामाला मेथड.

ही कल्पना जन्मली ऑस्लोत. नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड हे दोघे खऱ्या जगातल्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर उतरवायच्या खटपटीत होते. समजा एखादी रांग आहे: रांगेतल्या प्रत्येकाची आपली अवस्था, आपली वागणूक, आणि सगळं एकाच वेळी चाललेलं. चार याद्यांत असलं काही मावत नाही. त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत, म्हणजे १९६७ साली, क्लास, ऑब्जेक्ट आणि इन्हेरिटन्स या तिन्ही गोष्टी आल्या. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला मोठ्या मानाचा, मिळाला आणि २००२ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही गेले. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नाव मात्र अमेरिकेतल्या ॲलन केचं. त्याने गणिताबरोबर जीवशास्त्रही शिकलेलं होतं. पेशी जशा आपलं आतलं आत ठेवून एकमेकींना निरोप धाडतात, तसे प्रोग्रॅमचे तुकडे असावेत असं त्याच्या डोक्यात होतं. झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात झालेली स्मॉलटॉक ही भाषा त्यातून आली. डेन्मार्कच्या ब्यार्न स्ट्राउस्ट्रुपने १९७९ मध्ये सी भाषेला क्लास जोडायला घेतले, त्याचं पुढे सी प्लस प्लस झालं. १९९१ मध्ये पायथन आली, १९९५ मध्ये जावा.

आता पान प्रत्यक्ष पाहू.

क्लास ऑर्डर:
    सुरुवात(सेल्फ, गिऱ्हाईक, सूचना):
        सेल्फ.गिऱ्हाईक = गिऱ्हाईक
        सेल्फ.सूचना = सूचना
        सेल्फ.जिन्नस = रिकामी यादी
        सेल्फ.जमा = ०
    पैसे_घे(सेल्फ, रक्कम):
        सेल्फ.जमा = सेल्फ.जमा + रक्कम
    बाकी(सेल्फ):
        परत दे सेल्फ.एकूण() - सेल्फ.जमा

हे वहीवर लिहायचं रूप झालं. खऱ्या पायथनमध्ये 'क्लास' वगैरे ठरलेले शब्द रोमन अक्षरांतच लागतात, आणि 'सुरुवात'च्या जागी मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर लावलेलं 'इनिट' असतं. पण २००८ च्या पायथन ३ पासून तुम्ही दिलेली नावं देवनागरीत चालतात. 'जमा', 'बाकी', 'सूचना' ही नावं खरोखर चालवून बघा, मजा येते. नोकरीच्या ठिकाणी करू नका, एवढंच.

या दहा ओळींत मुलं अडतात ती 'सेल्फ'वर. दर वर्षी, न चुकता. हा शब्द इंग्रजीत समजावून मी थकले. मग एकदा मराठीतला शब्द सापडला आणि काम सोपं झालं: आपापला.

शाळेत मधली सुट्टी झाली की बाई म्हणायच्या, "आपापले डबे काढा." वाक्य एकच. ऐकणारी चाळीस मुलं. आणि बाहेर निघायचे चाळीस वेगळे डबे, कुणाचा पोळीभाजीचा, कुणाचा ठेपल्यांचा. बाईंना चाळीस वाक्यं म्हणावी लागत नव्हती, कारण 'आपापला' या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो. 'सेल्फ' म्हणजे नेमकं हेच. क्लास लिहिताना कुठलं पान ते ठाऊक नसतं, म्हणून लिहायचं: आपापल्या जमेत रक्कम मिळव. वाघोडिया रोडच्या पानाला सांगितलं तर त्याची जमा वाढते, अलकापुरीच्या पानाला सांगितलं तर त्याची.

याच ठिकाणी एक चूक सगळ्यांकडून होते. 'पैसे_घे' लिहिताना कंसात 'सेल्फ' लिहायचं राहतं, नुसतं 'रक्कम' राहतं. मग 'पान.पैसे_घे(५००)' असं चालवलं की पायथन कुरकुरते: एकच घ्यायचं ठरलं होतं, दोन दिलेत. पोरगं माझ्याकडे बघतं. "ताई, मी तर एकच दिलं." दिलंस एकच, पण टिंबाच्या आधी जे पान लिहिलंस ते पायथन गुपचूप पहिलं म्हणून आत पाठवते. पाचशे रुपये दुसरे. जावात हे पाहुणं न लिहिताच आत येतं, तिथे त्याला 'धिस' म्हणतात. पायथनमध्ये दारात त्याचं नाव लिहून ठेवावं लागतं.

दुसरी चूक अधिक बेरकी आहे, कारण ती कुरकुरतही नाही. आत नुसतं 'जमा = रक्कम' लिहिलं, 'सेल्फ.' विसरलं, तर पायथन समजते की हे या कामापुरतं तात्पुरतं नाव आहे. काम संपलं की ते पुसलं जातं. पैसे घेतले, पानावर चढलेच नाहीत, आणि कुणी ओरडलंही नाही.

आणि तिसरी माझीच. जिन्नसांची रिकामी यादी मी 'सुरुवात'च्या आत न करता क्लासच्या वरच्या ओळीतच करून ठेवली होती. दिसायला नीटनेटकं. पण त्याचा अर्थ असा झाला की यादी छापील नमुन्यावर आहे, पानावर नाही, आणि सगळी पानं तीच एक यादी वापरतात. पहिल्या गिऱ्हाइकाने चकली घातली, दुसऱ्याने अनारसे घातले, तिसऱ्याचं पान उघडलं तर त्यावर चकली आणि अनारसे आधीच हजर. नमुन्यावर तेवढंच ठेवावं जे खरोखर सगळ्यांचं सारखं आहे, काकूचा फोन नंबर वगैरे. ज्याचं त्याचं असेल ते 'सुरुवात'मध्ये, आपापल्या पानावर.

नावाचं एक प्रकरण आहे, ते बडोद्यात समजवायला सोपं जातं. आमच्याकडे येणाऱ्या गुजराती बायका चकलीला चकरी म्हणतात. काकू फोनवर सहज 'चकरी' म्हणते, फोन ठेवून आत ओरडते, "चकल्या दोन किलो!" नावं दोन, डब्यातली वस्तू तीच. प्रोग्रॅममध्येही नाव म्हणजे डबा नव्हे, डब्यावर लावलेली चिठ्ठी. एकाच डब्याला दोन चिठ्ठ्या असू शकतात. अलकापुरीच्या एका बाईंनी सांगितलं, "गेल्या वर्षीसारखंच, करंज्या तेवढ्या दहा वाढवा." मी लिहिलं 'नवी = जुनी' आणि नवीत दहा करंज्या घातल्या. नवी ऑर्डर बरोबर झाली. गेल्या वर्षीचं बिलही वाढलं. बरोबरचं चिन्ह पानाची नक्कल करत नाही, त्याच पानाला आणखी एक चिठ्ठी चिकटवतं. खरी नक्कल मुद्दाम मागावी लागते. आणि तीही वरवरची घेतली तर नाव-पत्ता वेगळा होतो, पण आतली जिन्नसांची यादी दोघांत सामाईकच राहते. पायथनमध्ये म्हणून 'कॉपी' आणि 'डीपकॉपी' असे दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्यांदा फसल्याशिवाय हा फरक कुणाच्या लक्षात राहत नाही. फसा एकदा.

आता एन्कॅप्सुलेशन. आमच्या काकांना सवय आहे: कुणी पैसे देऊन गेलं की वहीतला 'जमा'चा आकडा खोडून पेन्सिलने नवा घालायचा. कधी आले, रोख की ऑनलाइन, काही नाही. संध्याकाळी काकू गल्ला मोजते आणि मग दोघांचं वाजतं. काकूचं म्हणणं साधं आहे: "पैसे माझ्याकडे द्या, मी लिहीन." म्हणजे आकड्याला थेट हात लावायचा नाही, एका दारातूनच जायचं. आपल्या क्लासमध्ये ते दार म्हणजे 'पैसे_घे'. एकदा दार एकच ठरलं की राखण तिथेच ठेवता येते. रक्कम शून्य किंवा उणे असेल तर नाकार. बाकीपेक्षा जास्त देत असेल तर विचार. तारीख नोंदव. प्रोग्रॅममध्ये पन्नास ठिकाणांहून 'जमा' बदलत असेल तर या तीन गोष्टी पन्नास ठिकाणी लिहाव्या लागतील आणि एकावन्नाव्या ठिकाणी राहतील.

जावात 'प्रायव्हेट' लिहिलं की ते कुलूप असतं. बाहेरून हात लावणारा प्रोग्रॅम कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी प्रोग्रॅम तपासून त्याचं भाषांतर करणारा, पुढे जाऊच देत नाही. पायथनची रीत सोवळ्याची आहे. नावाआधी एक अंडरस्कोर लावायचा, याचा अर्थ 'हे सोवळ्यातलं आहे'. हात लावला तर काही धक्का बसत नाही, पण घरातलं माणूस लावत नाही. मला ही रीत आवडते. माझ्या काही विद्यार्थ्यांना ती बावळटपणाची वाटते. ॲब्स्ट्रॅक्शन यातच येऊन गेलं: 'बाकी किती' विचारणाऱ्याला आतली बेरीज कशी चालते ते कळायची गरज नाही. त्यावर वेगळा तास मी घेत नाही.

पॉलिमॉर्फिझमला मराठीत बहुरूपता म्हणतात, आणि त्या शब्दाने घोळ होतो. बहुरूपी म्हणजे एकच माणूस, आज पोलीस, उद्या साधू. इथे उलटं आहे: माणसं वेगवेगळी, प्रश्न एकच, आणि प्रत्येकजण आपल्या परीने उत्तर देतो.

काकूचा चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे वजनावर जातात. करंज्या, लाडू, अनारसे नगावर. म्हणजे किंमत काढायच्या दोन रीती. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये 'एकूण' काढताना लांबलचक शिडी होती: जिन्नस चिवडा असेल तर असं कर, करंजी असेल तर तसं, लाडू असेल तर तसंच. नवा जिन्नस आला की शिडीला पायरी. बिलात एक शिडी, चिठ्ठी छापताना दुसरी, सामान किती लागेल ते काढताना तिसरी. काकूने एका वर्षी कडबोळी सुरू केली आणि मी तीनांपैकी दोनच ठिकाणी घातली.

दुसरी पद्धत अशी. दोन क्लास करायचे: 'वजनी' आणि 'नगावरचा'. दोघांनाही 'किंमत' नावाची मेथड. वजनी जिन्नस ग्रॅमला भावाने गुणून हजाराने भागतो. नगावरचा नुसता गुणतो. मग ऑर्डरचं 'एकूण' काय करतं? यादीतल्या प्रत्येकाला म्हणतं, "तुझी किंमत सांग," आणि बेरीज करतं. अर्धा किलो चकली, भाव ५००, उत्तर २५०. एक किलो चिवडा, ३६०. वीस करंज्या, पंचवीसप्रमाणे ५००. बेरीज १११०. आगाऊ ५०० आले होते, बाकी ६१०. समोरचा वजनी आहे की नगावरचा, हे 'एकूण'ने एकदाही विचारलं नाही. पुढे काकूने ठरावीक किमतीची भेटपेटी काढली. मी 'पेटी' नावाचा क्लास लिहिला, त्याला 'किंमत' दिली, आणि 'एकूण'च्या ओळीला बोटही लावलं नाही. त्या दिवशी मला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग कळलं असं म्हणायला हरकत नाही. पुस्तक वाचून झाल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

इन्हेरिटन्स मी सगळ्यात शेवटी ठेवलं आहे आणि ते मुद्दाम. पुस्तकांत ते पहिल्या प्रकरणात असतं, प्राणी, मग कुत्रा, मग मांजर. त्यामुळे मुलांना वाटतं वंशावळ काढणं हेच मुख्य काम. उपयोग आहेच. 'वजनी' आणि 'नगावरचा' दोघांनाही नाव असतं, भाव असतो, डब्यावरची चिठ्ठी सारखीच छापायची असते. हे दोनदा कशाला लिहा? वर एक 'जिन्नस' क्लास करायचा, सामाईक ते त्यात, आणि या दोघांनी ते वारशाने घ्यायचं. 'किंमत' तेवढी आपापली. इथवर सगळं गोड.

मग मी चेकाळले. बडोद्यात घरटी एक मूल परदेशात असल्यासारखी परिस्थिती, त्यामुळे कुरियरच्या ऑर्डरी खूप. 'ऑर्डर'खाली मी 'परदेशी ऑर्डर' हा उपक्लास केला. मग 'भेट ऑर्डर', तिला रंगीत कागद आणि शुभेच्छापत्र. मग ऑफिसांसाठी 'घाऊक ऑर्डर'. आठवड्यातच कुणीतरी परदेशी भेट पाठवायला सांगितलं. ही कुणाची मुलगी? दोन्ही घरांतून वारसा घेणारा चौथा क्लास करायचा? मग घाऊक भेट? घाऊक परदेशी भेट? तीन 'आहे-नाही'चे आठ मेळ होतात, चौथा गुण आला की सोळा.

उत्तर स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. सोऱ्या. काकूकडे चकलीचा सोऱ्या, शेवेचा सोऱ्या, गाठ्यांचा सोऱ्या असे तीन सोऱ्ये नाहीत. सोऱ्या एक, खालची चकती बदलायची. ऑर्डरही तशीच. क्लास एकच, आत दोन खाचा: 'पोचवणी' आणि 'वेष्टण'. पोचवणीच्या खाचेत 'रिक्षा' बसवा, 'कुरियर' बसवा, 'स्वतः येणार' बसवा. ऑर्डर फक्त म्हणणार, "पोचवणी, तुझा खर्च सांग." याला कॉम्पोझिशन म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्याने इन्हेरिटन्सच्या दुप्पट वेळ यावर घालवावा.

'अमुक हा तमुक आहे' असं वाक्य करून बघा, बरोबर वाटलं तर वारसा लावा, अशी एक कसोटी सांगतात. 'परदेशी ऑर्डर ही ऑर्डर आहे' हे वाक्य काही चुकीचं वाटत नाही, तरी मी खड्ड्यात गेलेच. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेली कसोटी जास्त कडक आहे: जिथे आई चालते तिथे मुलगी बिनबोभाट चालली पाहिजे. 'मोफत नमुना' नावाचा उपक्लास केला आणि त्याच्या 'पैसे_घे'ने पैसे घ्यायलाच नकार दिला, तर संध्याकाळी सगळ्या ऑर्डरींकडून पैसे गोळा करणारा प्रोग्रॅम तिथे आपटणार. म्हणजे ती मुलगी त्या घरची नव्हे.

सरावासाठी मी मुलांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मी मुलांना सांगते, तुम्ही बॉर्डनच्या जागी आहात, क्लास ठरवा. सगळे झटक्यात 'पुस्तक' लिहितात: नाव, लेखक, कोणी नेलं, कधी परत येणार. मग मी विचारते, एकाच कादंबरीच्या पाच प्रती आहेत, तीन बाहेर गेल्यात, तर 'कोणी नेलं'मध्ये काय लिहू? तिथे शांतता होते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की कार्डावरचं पुस्तक वेगळं आणि मांडणीवरची प्रत वेगळी. लेखकाचं नाव पुस्तकाचं, फाटलेलं मुखपृष्ठ प्रतीचं. घरी नेली जाते ती प्रत. बरेचदा अर्धा तास या एकाच प्रश्नावर जातो, आणि एकही ओळ लिहिली जात नाही.

आणि हो, दहा ओळींच्या कामाला क्लास करू नका. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब करायचा तर एक बेरीज पुरे. गोष्टींना आपापली अवस्था असेल, ती बदलत असेल, आणि अशा गोष्टी पुष्कळ असतील, तेव्हा वही काढा.

गेल्या दिवाळीनंतर काकूने नवं काम सांगितलं. "डब्यांचं काहीतरी कर गं. स्टीलचे डबे जातात ते परत येतच नाहीत."

मी 'ऑर्डर'मध्ये 'डबा परत आला' असं एक हो-नाही घालायला निघाले होते. मग थांबले. एका ऑर्डरीत तीन डबे जातात, दोन येतात. कधी गेल्या वर्षीचा यंदा येतो. कधी शेजारणीचाच डबा आपला म्हणून येतो. डबा ऑर्डरीचा नव्हताच. डब्याला स्वतःचं पान हवं होतं: आत्ता कुणाकडे, कधीपासून.

"पण काकू, सगळे डबे तर एकसारखेच. कुठला कुठला हे कसं ओळखायचं?"

काकूने फडताळातून एक डबा काढला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. तळाला बारीक टिंबाटिंबांनी नाव घातलं होतं, खाली आकडा: १७.

"सगळ्यांवर घातलेत," ती म्हणाली. "अकरा नंबर कारेलीबागेत आहे. आजोबांकडे. तीन वर्षं झाली."